डोंगरावरचं आवण

एकटीने डोंगर चढायचा मला कधी कंटाळा आला नाही. वैताग येतो तो डोंगर सुरू व्हायच्या आधी. त्यातून डोंगर आपल्याच बाजूचा असला तर विचारू नका. पायथ्याच्या प्रत्येक गावात कोणी आत्या, कोणी मामी, कोणाच्या तरी नणंदेची सासू दारात उभी असते आणि चहा पाजल्याशिवाय ती तुम्हाला पुढे सोडत नाही. परक्या मुलखात मी पाठीवर सॅक टाकून खुशाल एकटी हिंडले आहे. भिवंडीहून वज्रेश्वरीच्या पलीकडे मात्र मला आजवर कोणी एकटीला जाऊ दिलेलं नाही.

मला नाद आहे तो डोंगरउतारावरच्या भातशेतीचा. रजा साठवायची आणि जिथे डोंगराच्या अंगावरून पायरी-पायरीने खाचरं उतरत येतात अशा जागा शोधून तिकडे जायचं, असं गेली काही वर्षं चाललं आहे. टूरवाला नाही, ग्रुप नाही. बस मिळेल तिथवर बस, मग पाय. ईशान्येकडे गेले, उत्तराखंडात गेले, एकदा तर समुद्र ओलांडून जाऊन आले. परत आल्यावर फोनमधले फोटो बाबांना दाखवायचे आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारायचं, "भात बघाया गेलीस? इमानात बसून?" हे दर वेळचं ठरलेलं. आम्ही आगरी. भात बघायला घराबाहेर पडावं लागतं हेच त्यांना पटत नाही.

खरं म्हणजे आता पडावंच लागतं. आमच्याकडची शेतं गेली आणि गोडाऊनं आली, हे भिवंडीत नवीन सांगायला नको. आमचीही गेली. धाकटा भाऊ आमच्या शेडचा कारभार बघतो, मी दुसऱ्याच एका गोडाऊनच्या ऑफिसात डिस्पॅचला आहे, घर त्यावर चालतं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पण आमच्या दोन शेडच्या मधोमध भाताची एक पट्टी राहिली होती. बाबा ती सोडत नव्हते आणि भावाला तिथे कंटेनर वळवायला जागा हवी होती. बरीच तोंडं वाजल्यावर एकदा जेवताना तोडगा निघाला. जोवर पट्टीत लावणी होतेय तोवर तिला कोणी हात लावायचा नाही. ज्या वर्षी लावणी चुकेल त्या वर्षी भराव पडेल. भाऊ तसा वाईट नाही, दिल्या शब्दाला जागतो. बाबांच्या वयाकडे बघून त्याने वाट बघायचं ठरवलं असावं.

आणि गेल्या पावसाळ्यात पट्टीवर कंटेनर चढला.

पट्टीच्या कडेला बाबांनी राब भाजला होता. राब म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर शेण, पाला, पेंढा पसरून तो भाजायचा आणि मग तिथे भाताची रोपं दाट उगवायची. त्या रोपांना आमच्याकडे आवण म्हणतात. ते हातभर झालं की उपटून जुड्या बांधायच्या आणि चिखलात लावायचं. आवण अगदी लावणीला आलं होतं. सकाळी मागच्या शेडला आलेल्या ड्रायव्हरने गाडी रिव्हर्स घेतली आणि मागची सगळी चाकं राबावर चढवली. मग ती रुतली, म्हणून त्याने पुढे-मागे करत उरलेलंही चिरडलं. मी धावत गेले तेव्हा तो केबिनमधून मान बाहेर काढून शांतपणे म्हणाला, "दीदी, मैंने समझा घास है." मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.  बाबा चाकाच्या चाकोरीत वाकून एखादी काडी उभी आहे का ते बघत होते.

भावाने तोंड पाडून सांगितलं, "बाबा, मी काही केलं न्हाय." त्याने केलं नव्हतं हे खरंच. त्याने वर मोठ्या मनाने येत्या रविवारपर्यंतची मुदतही दिली. लावणी झाली तर झाली, नाहीतर सोमवारी डंपर. मला त्याच्या त्या मोठ्या मनाचा फार राग आला.

आवण कमी पडलं तर पूर्वी काय करायचे? शेजारच्या खाचरात हाक मारायची. आवण कोणी विकत नसे, मागायचं आणि उरलेलं असेल तर द्यायचं. आता शेजारी पत्र्याची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे टीव्ही, फ्रिज आणि बाळांचे डायपर. आसपासच्या गावात विचारून झालं. ज्यांची थोडी शेती होती त्यांची लावणी उरकली होती. मग बाबांना ती डोंगरावरची बाई आठवली.

ही बाई आणि तिचा नवरा माझ्या लहानपणी दर वर्षी लावणीला आमच्याकडे यायचे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या मागच्या रांगेत, जिथे अजून गाडीरस्ता पोचलेला नाही, तिथल्या पाड्यावरची ती. आमची शेतं गेली तसं तिचं येणं संपलं, नवराही गेला. पण वज्रेश्वरीच्या जत्रेत बाबांना ती भेटली होती आणि बोलता बोलता म्हणाली होती की आता ती स्वतःची खाचरं लावते, वर लावणी उशिरा होते आणि आवण दर साल उरतं. डोंगरात पायऱ्यांची खाचरं आहेत, घरापासून एका बसच्या अंतरावर, आणि मी जग फिरत बसले आहे, हे मला तेव्हा कळलं. मी लगेच सॅक काढली.

"मी जाऊन येते," मी म्हणाले. "तू घरी बस."

"तू काय सांगशील तिला?"

"आवण दे म्हणेन."

"असं मागतात व्हय? आवण मागाया ज्याचं शेत त्यानं जायचं असतं."

आमच्या घरात बापाला अरे-तुरेच करतात. लिहिताना आदराने लिहिते, बोलताना नाही. त्यामुळे आमचं भांडण अगदी बरोबरीने झालं. मी म्हणाले, तुझे गुडघे बघ. ते म्हणाले, गुडघे मी घरी ठेवून येतो. मी ट्रेकिंगचे बूट घ्यायला सांगितले तर त्यांनी रबरी चपला घातल्या. रेनकोट नको, छत्री हवी. आणि रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणून आईने सुके बोंबील बांधून दिले, ते माझ्या सॅकमध्ये, माझ्या कोरड्या कपड्यांच्या मधोमध गेले. त्या सॅकला आजही पाऊस लागला की बोंबलाचा वास येतो.

एसटीत बाबांनी अर्ध्या बसला सांगितलं की आम्ही आवण आणायला निघालोय. लोकांनी हळहळ व्यक्त केली. एकाने ड्रायव्हर लोकांना नावं ठेवली, आमच्या ड्रायव्हरने आरशातून बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होते. मला दुपारच्या आत वर पोचून, आवण घेऊन, उजेडात उतरायचं होतं. उपटलेलं आवण फार वेळ राहत नाही, आणि शनिवार होता.

वज्रेश्वरीला उतरून थेट डोंगर धरायचा असं मी ठरवलं होतं. पण अकलोलीला बाबांची बहीण राहते. "तिला न भेटता गेलो आनि तिला कललं तर?" बाबा म्हणाले. तिला कळणारच होतं, कारण रिक्षावाल्याने विचारायच्या आधीच तिच्या दाराशी रिक्षा उभी केली. आत्याने चहा केला. मग पोहे केले. मग तिने बाबांचे गुडघे बघितले आणि जाहीर केलं की गरम पाण्याच्या कुंडात बसल्याशिवाय हा माणूस डोंगर चढणार नाही.

"आत्या, उशीर होतोय," मी म्हणाले.

"डोंगर कुठं पलून जातो काय गो? इतकी वर्षं हाय तिथंच हाय."

बाबा टॉवेल खांद्यावर टाकून निघालेसुद्धा. मी कुंडाच्या कठड्यावर सॅक पाठीला तशीच ठेवून उभी राहिले. बाबा गळ्यापर्यंत पाण्यात बसून शेजारच्या माणसाला आवणाची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते. वाफेतून त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं. तिकडे परदेशात मी एकदा वाट चुकून जंगलात अडकले होते, तेव्हासुद्धा इतका वेळ वाया गेला नव्हता.

शेवटी आत्याने दुपारचं जेवण घातलंच. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याला आज काय म्हनू नको. पट्टी गेली तर हा बसून जाईल." एवढं एक वाक्य ती बोलली आणि माझा तिच्यावरचा राग थोडा उतरला.

डोंगरात वाट होती, पण फोनच्या नकाशावर नव्हती. बाबांना नकाशाची गरज नव्हती. ते दिसेल त्या गुराख्याला लांबून हाक मारून विचारत. त्यांचे गुडघे कुंडामुळे असोत की जिद्दीने असोत, माझ्यापेक्षा बरे चालले. पण प्रत्येक ओहळाशी ते थांबायचे. पावसाळ्यात ओहळाच्या दगडाखाली मुठे मिळतात, काळे खेकडे. बाबांना मुठा दिसला की जगातलं दुसरं काही दिसत नाही. छत्री माझ्या हातात देऊन ते वाकायचे, दगडाखाली हात घालायचे, मुठ्याच्या नांग्या मोडून गोणीत टाकायचे.

"बाबा, आपण कशाला आलोय?"

"जाता जाता मिलतंय तर सोडायचं कशाला?"

"ती गोणी आवणासाठी आणलीये."

"आवण वरतून ठेवू. मुठं काय आवण खातंय?"

मी पुढे चालत सुटले. मागून हाक आली की थांबायचं, मनात दहा शिव्या द्यायच्या, मग हात देऊन वर ओढायचं. असं करत आम्ही रांगेची सोंड चढून पलीकडे उतरलो आणि एकदम खाचरं दिसली.

मी आजवर बघितलेल्या खाचरांपेक्षा ती लहान होती. काही तर आमच्या ओटीएवढी. ओहळाच्या दोन्ही अंगांना दगडाचे बांध घालून एकाखाली एक बसवलेली, काही लावलेली, काही नुसत्या पाण्याने भरलेली, आणि वरच्या खाचराचं पाणी बांधातल्या एकेका तोंडातून खालच्यात उतरत होतं. शेवटच्या खाचराखाली सरळ दरी. फोटो काढायचंही मला सुचलं नाही. मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी त्यांना कळेल मी कशासाठी हिंडते.

"ह्यात बैल वलवतात कुठं?" बाबा म्हणाले.

पाड्यावर चार-दोन घरं. बाई घरी नव्हती, पलीकडच्या उतारावर लाकडं बघायला गेली होती. तिच्या सुनेने आम्हाला ओटीवर बसवलं आणि कोरा चहा दिला. घराच्या खालीच तिचा राब होता, हिरवागार, निम्मा उपटून झालेला, निम्मा उभा. मी तो बघितला आणि दिवसात पहिल्यांदा मला बरं वाटलं. आमच्या पट्टीला पुरून उरलं असतं एवढं आवण तिथे होतं. मी बोंबील काढून सुनेला दिले. बाबा म्हणाले, जरा पाय मोकळे करून येतो.

आता आमच्या लोकांची एक सवय सांगायला हवी. सपाटीच्या भातशेतीत बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. मुठे बांध पोखरतात, पाणी वाहून जातं, आणि रातोरात खाचर कोरडं पडतं. म्हणून रस्त्याने जाताना कोणाच्याही शेताला खांड दिसली तरी जाणारा माणूस थांबतो, दोन ढेकळं टाकतो, पायाने दाबतो आणि पुढे जातो. शेत कोणाचं हे विचारत नाहीत. भांडण असलेल्या भाऊबंदाच्या शेतातलीसुद्धा खांड बुजवतात. बाबांनी तर गोडाऊनच्या कंपाउंडमधलं पाणी जायचं भोक दोनदा बुजवलं होतं. वॉचमन दरवेळी घरी येऊन "चाचा, वो नाली है" म्हणून सांगून जायचा.

तेव्हा बाबा खाचरांच्या बाजूला गेले, त्यांनी बांधातून खळाळत पाणी जाताना बघितलं, आणि त्यांचा हात स्वस्थ बसला नाही. त्यांनी दगड बसवले, वर चिखल लिंपला, चपलेने थोपटला. मग दुसरं तोंड दिसलं, तेही बुजवलं. मी ओटीवरून बघत होते. ते काही करताहेत एवढं दिसत होतं. मला वाटलं, मुठे धरताहेत.

बाबा हात धुऊन ओटीवर आले आणि पावसाची जोराची सर आली. डोंगरात सर आली की ओहळाला लगेच आवाज चढतो. थोड्या वेळाने त्या आवाजात दुसरा आवाज मिसळला, दगड घसरल्यासारखा. सुनेने चहाचं भांडं खाली ठेवलं आणि ती धावली.

वरचं खाचर तुंबून त्याचा बांध फुटला होता. ते पाणी खालच्या खाचरात कोसळलं आणि तिथे परवाच केलेली लावणी मुळासकट उचलून घेऊन गेलं. दगडमातीचा लोट बाजूने घसरत राबावर आला होता. उभ्या आवणातलं निम्मं चिखलाखाली गेलं. बाई डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन पलीकडून उतरत आली, फुटलेल्या बांधापाशी उभी राहिली, आणि तिला बुजवलेलं दुसरं तोंड दिसलं.

"कोनी बुजवलं?"

"मी," बाबा म्हणाले.

तिने त्यांना ओळखलं. ओळखून तिचा राग कमी झाला नाही.

"कशाला?"

"पानी चाललेलं."

"चाललेलं तर चालू द्याचं. खालच्या खाचराला पानी कोन पाजील, तुझा बाप?"

बाबांना असं बोललेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि तेही त्यांच्याच शेतात वर्षानुवर्षं वाकलेल्या बाईने. मला बाबांची बाजू घ्यावीशी वाटली आणि त्याच वेळी तिला अजून चार शब्द जास्त सुनव म्हणून सांगावंसं वाटलं. दिवसभर मी दातओठ खात होते. कुंड, पोहे, मुठे, सगळं सहन केलं होतं, एका आवणासाठी. आणि ते आवण आम्ही आमच्याच हाताने चिखलात घातलं होतं.

"बाबा, आपण मागायला आलो होतो," मी दबक्या आवाजात म्हणाले.

"आता कुठल्या तोंडानं मागू?"

त्यांनी शर्ट काढून सुनेच्या हातात दिला आणि ते खाचरात उतरले. बाईने त्यांना हटकलं नाही. तिने फावडं आणून दिलं, मला घमेलं दिलं. आम्ही चौघांनी दगड उचलून बांध परत रचला. डोंगरातला बांध रचायची रीत बाबांना माहीत नव्हती, त्यामुळे बाई ओरडत होती, असा नको, आडवा लाव, आणि बाबा एकदाही उलट न बोलता दगड फिरवत होते. तोंडं तिने स्वतःच्या हाताने ठेवली. मग राबातलं उरलेलं आवण उपटायला घेतलं. तिचं वाहून गेलेलं खाचर परत लावायचं तर ते सगळंच लागणार होतं. हे मला कळायच्या आधी बाबांना कळलं होतं.

बाबा लावणीला उभे राहिले तेव्हा मात्र बाईचं ओरडणं थांबलं. ते मागे मागे सरकत, दोन्ही हातांनी, पाठ न उचलता लावत गेले. बाई त्यांच्या शेजारून तशीच. जुन्या सवयीने दोघांचा वेग एक झाला. मी बांधावर जुड्या पोचवत होते. बाई म्हणाली, "तू गो? तुला येतं का न्हाय?" मी बूट काढले आणि उतरले. चिखल गार होता, पोटरीपर्यंत. बांधाकडेची एक ओळ मी लावली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. ओळ वाकडी झाली, पण उभी होती. मी वर येऊन पाय धुतले आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुक वाटलं. बाबा मागे राहिले होते, बांधाकडे वाकून काहीतरी करत होते. मी हाक मारली, त्यांनी हात हलवून थांब म्हटलं. मी वैतागून ओटीवर जाऊन बसले.

निघताना बाईने एक जुडी बाबांच्या पुढे धरली. तिला आम्ही काही बोललो नव्हतो, पण पावसाळ्यात गोणी घेऊन डोंगर चढून कोणी नुसती चौकशी करायला येत नाही हे तिला कळत होतं.

"घे. एवढीच हाय."

"न्हाय. तुला कमी पडंल."

"घे रं दादा."

"न्हाय म्हनलं ना."

मला ती जुडी हिसकावून घ्यावीशी वाटली. एका जुडीत पट्टीचा कोपरा लावून झाला असता. कोपरा लावला तरी लावणी झाली म्हणता आलं असतं, भाऊ कबूल झाला असता, आणखी एक वर्ष मिळालं असतं. मी डोळ्यांनी बाबांना खुणावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी गोणीतले मुठे तिच्या टोपलीत ओतले, शर्ट खांद्यावर टाकला आणि चालायला लागले. उतरताना मी पूर्ण वाटभर बोलत होते. ती जुडी तू का घेतली नाहीस, तुला कोणी सांगितलं होतं हात घालायला, मला एकटीला येऊ दिलं असतं तर आत्ता आवण घेऊन घरी असते. बाबा एका ओहळाशीही थांबले नाहीत.

शेवटची एसटी गेली होती. मिळेल त्या रिक्षाने, मग टेम्पोने आम्ही घरी आलो. आईने पाणी तापवलं. भाऊ ओटीवर बसला होता. त्याने आधी आमचे कपडे बघितले, मग रिकामी गोणी.

"आवण?"

"लावलं," बाबा म्हणाले.

"कुठं?"

"डोंगरावर. तिच्या खाचरात."

भावाने गोणी उचलून बाजूला ठेवली. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, हे मला मान्य करायला हवं. "मग सोमवारी..." तो म्हणाला आणि थांबला.

"सांग डंपरवाल्याला," बाबा म्हणाले.

मी ओरडले. आख्ख्या दिवसाचा राग त्या एका ओरडण्यात निघाला. मी म्हणाले की मला कोणी विचारलंय का, मी रजा टाकून, पाठीवर बोंबील वाहून डोंगर चढले ते कशासाठी, ती पट्टी काय एकट्या बाबांची आहे, मला ती हवी आहे. हवी आहे, हे शब्द तोंडातून गेल्यावर माझे मलाच ऐकू आले. तोवर मी सगळ्यांना, स्वतःलाही, सांगत होते की बाबांसाठी चाललंय. भाऊ बघतच राहिला. बाबांसाठी तो थांबला होता. माझ्यासाठी थांबावं लागेल असा विचार त्याने कधी केला नव्हता.

"मी लावीन दर वर्षी," मी म्हणाले. "बाबा नाही म्हणाला तरी मी लावीन. आज लावलं ना मी तिकडे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दिवसभरात कधीच नव्हता.

"बाय, तू लावलेलं सगलं पान्यावर आलेलं. रोपाचं मूल दाबायचं असतं, ते तू दाबलं न्हाय. म्या परत लावलं."

आई दारात उभी होती. तिने मला कधी चिखलात उतरू दिलं नव्हतं. माझ्या शाळेसाठी ती एकटी दोघींचं काम करायची, हे सांगायची गरज नव्हती, आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. तिने मान खाली घातली. मला तिच्यावर राग काढता येत नव्हता, बाबांवर येत नव्हता, भावावर तर नाहीच. मी बाबांना म्हणाले, "मग मला शिकव."

"कुठं?" बाबा म्हणाले.

सोमवारी माझी सकाळची शिफ्ट होती. मी निघाले तेव्हा पहिला डंपर पट्टीच्या तोंडाशी उभा होता आणि ड्रायव्हर खाली उतरून भावाला विचारत होता, कुठून टाकायला सुरुवात करू.